दोन जिवांचं खाणं

"एक किलो आठशे," सिस्टर म्हणाली आणि काट्यावरून पोरीला उचलून तिने काचेच्या पेटीत ठेवलं. पोर रडली नाही. रडायलाही अंगात काही असावं लागतं.

दिवस पूर्ण भरलेले होते. म्हणजे पोर घाईने आलेली नव्हती, उपाशी आलेली होती. तिच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी नळी लावली आणि "आजचा दिवस निघू दे" एवढंच बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

सिस्टरची पाळी दोनला संपायची होती. पाय मात्र बाराच्या ठोक्याला संपले होते. बावीस वर्षांत पायांनी हेच वेळापत्रक धरलं होतं. त्यात हा फॉर्म. बाळ कमी वजनाचं निघालं की तो भरावाच लागे. आईचा आहार कसा होता? कमी असल्यास कारण काय?

बाळंतीण चादरीखाली असून नसल्यासारखी पडली होती.

"काय खायचीस गं?"

"सासूबाई देतील ते. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. जास्त मागितलं की भांडं झाकायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थकलेल्या माणसाला राग आला की त्याला जरा बळ येतं. त्या बळावर ती फॉर्म हातात घेऊन बाहेर आली.

सासू बाकाच्या टोकाला बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली, हात काटकुळे. स्वतः खाणार नाही आणि दुसऱ्यालाही खाऊ देणार नाही, अशातली दिसतेय, सिस्टरला वाटलं. तिने मनात कारण लिहूनही टाकलं: घरच्यांनी उपाशी ठेवलं.

"लहान आहे ना हो?" सासूने उठून विचारलं. "सून धड आहे ना?"

"सून धड आहे. पोर मुठीएवढी आहे."

सासूने भिंतीला हात टेकला. चेहऱ्यावरचा ताण उतरला. चक्क समाधान होतं ते.

"मावशी, लाज वाटत नाही? पोर जगते की नाही सांगता येत नाही. पोटात मिळालं नाही ते आता आम्ही नळीतून भरतोय. दोन जिवांच्या बाईने दोघांचं खावं, हे दर बुधवारी गरोदर बायकांना घसा फोडून सांगते मी इथे!"

सासू पुन्हा बाकावर बसली. पोरीचं असं होईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने पेटीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"माझी लेक दोघांचं खायची," ती म्हणाली. "मीच भरवायचे. नको म्हणाली तरी भरवायचे. पोटुशी असताना तिला साखरेचा आजार झाला होता, ते मागाहून कळलं. पोर साडेचार किलोचं झालं. अडकलं. दोघंही घरी आली नाहीत. नऊ वर्षं झाली." तिने डोळे पुसले. "म्हणून म्हटलं, हिचं लहानच राहू दे. लहान असलं की बाई सुटते. ती अर्धपोटी, म्हणून मीही अर्धपोटी राहिले. तिच्यासमोर घास उतरायचा नाही."

सिस्टरचं पेन रकान्यावर थांबलं. राग गेला तसं बळही गेलं. ती बाकावर टेकली.

"पण मावशी, लेकीला न तपासता एवढं खाऊ घाला, असं तुम्हाला सांगितलं तरी कोणी?"

सासूने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तुम्हीच, सिस्टर. बुधवार होता. याच बाकावर बसून ऐकलं आम्ही दोघींनी. तुमचा एक शब्द खाली पडू दिला नाही मी."