वीसच्या वीस

बर्मातून अमेरिकेत सेंट पॉलला आलेल्या आमच्या कारेन लोकांना जुन्या भीतीचा त्रास अजून किती होतो, हे ओळखायची प्रश्नावली मी आमच्या भाषेत आणली होती. ती भरवशाची आहे का, हे तपासायला दोन आठवड्यांनी त्याच माणसांना तेच वीस प्रश्न पुन्हा विचारायचे होते. सगळ्यांचीच उत्तरं थोडीफार बदलत होती. नॉ एह वा मावशींची मात्र वीसच्या वीस जुळली.

"मावशी, पहिला नंबर तुमचा!"

"मग जाऊ मी घरी?"

"जा की! कोणी बांधून ठेवलंय?"

इतका वेळ मुठीत आवळून धरलेला पिशवीचा बंद त्यांनी सोडला.

"रोज पाठ करत होते गं. वाईट स्वप्नं, नेहमी. दचकणं, कधीकधी. रडू, अजिबात नाही."

"पाठ? पुन्हा विचारणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गावात सैनिक आले, तेव्हा त्यांनीही एकेक प्रश्न दोनदा विचारला होता. दुसऱ्या वेळी आमच्या ह्यांचं एक उत्तर बदललं."