सरांची आरोळी

ओझरहून दर रविवारी नाशिकला येऊन गांगुर्डे सरांनी तीस वर्षं सॉफ्टबॉलची पंचगिरी केली. त्यांची ‘आउट’ची आरोळी मैदानाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही दचकवायची. गेल्या पावसाळ्यात कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं. “कुणाला कळता कामा नये,” त्यांनी बायकोला पाटीवर लिहून बजावलं. क्लबने ठेवलेल्या सत्काराला ते गळ्याभोवती मफलर गुंडाळून गेले. शाल घ्यायची, हात जोडायचे, घरी यायचं. पण शाल पांघरून झाल्यावर जुना खेळाडू हर्षल म्हणाला, “सर, एकदा ती आरोळी होऊन जाऊ द्या!” आणि त्याने माइक सरांपुढे धरला. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. लोकांना तो संकोच वाटला, टाळ्या वाढल्या. समोर बसलेली बायको अर्धवट उठली. अखेर त्यांनी तोंड उघडलं. स्पीकरमधून नुसती मफलरआडच्या श्वासाची खरखर आली. हर्षल मागे वळून ओरडला, “माइक बिघडलाय रे, दुसरा आण!”