गुलाबी नाकाचं पिल्लू

मागच्या अंगणात बादली भरल्याचा आवाज आला आणि पेचियम्मा हातातलं काम टाकून मागे गेली. तिचा नवरा करुप्पैया पिल्लांची पारख करायला बसला होता. झोपलेल्या पिल्लांच्या मागे उभा राहून तो पितळी ताटावर कालथा आपटायचा. जे दचकून उठेल ते विकायचं. जे उठणार नाही ते बादलीत.

राजपालयम जातीच्या शिकारी कुत्र्यांत असं एखादं बहिरं निपजतंच. जेवढं अंग दुधासारखं पांढरं, नाक गुलाबी, तेवढी भीती जास्त. आणि गिऱ्हाइकांना नेमकं तसंच हवं असतं.

"अहो, आज तरी राहू द्या," ती म्हणाली.

"ठेवून काय लोणचं घालू? घराण्याचं नाव बुडण्यापेक्षा हे बुडालेलं बरं."

बादलीतलं पाणी नंतर तो कोपऱ्यातल्या नारळाच्या बुंध्याशी ओतायचा, हात कमरेच्या वेष्टीला पुसायचा आणि त्याच हातांनी सांबार-भात कालवायला बसायचा. लग्न होऊन आल्यापासून त्या झाडाचं शहाळं पेचियम्मानं कधी तोंडाला लावलं नव्हतं.

गिऱ्हाइकांचीही तिला तितकीच शिसारी यायची. सकाळीच चेन्नईहून एक जोडपं आलं होतं. बाईनं पिल्लू छातीशी धरून आधी फोटो काढून घेतले, मग विचारलं, "केस गळतात का हो याचे? आमचा सोफा काळा आहे."

"आणि बाल्कनीत बांधलं तर राहील ना?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"साहेब, याच्या बापजाद्यांनी रानडुकरं अडवलीत," पेचियम्मा म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ मोकळं पळवणार असाल तर न्या. बांधून ठेवलंत तर भुंकून घर डोक्यावर घेईल, आणि एके दिवशी तुम्हीच त्याला रस्त्यावर सोडून याल."

"अय्यो, आधीच्याचं तसंच झालं!" बाई हसत सुटली. "लॅब्राडोर होता. खायचा किती! शेवटी हायवेवर सोडला."

पेचियम्मानं पिल्लू तिच्या हातातून काढून घेतलं. नंतर कितीतरी वेळ ती हात धूत राहिली.

आता ताट वाजलं. तीन पिल्लं धडपडत उठली. चौथं, सगळ्यांत पांढरं, तसंच झोपून राहिलं. करुप्पैयानं त्याला मानेला धरून उचललं. पेचियम्मानं तोंड फिरवलं.

"थांबा अण्णा. मला तेच द्या."

दारात एक तिशीतला माणूस उभा होता. नीटनेटका, आवाज हळू. नाव इळंगोवन, श्रीविल्लीपुत्तूरच्या पलीकडचा.

"बहिरं आहे ते," करुप्पैया म्हणाला. "मागाहून फसवलं म्हणून बोंब मारू नका."

"ताट वाजवलंत तेव्हा इथेच होतो मी. पाहिलं सगळं." मग तो पेचियम्माकडे वळला. "माझ्या आत्यासाठी हवंय, अक्का. नारळाच्या बागेत एकटी राहते. मूलबाळ नाही. तिला स्वतःलाही धड ऐकू येत नाही. दोघं एकमेकांना सांभाळून घेतील."

पेचियम्मानं नवऱ्याच्या हातातलं पिल्लू काढून इळंगोवनकडे दिलं. तिनं त्याला ओसरीवर बसवलं, ताक दिलं आणि जे आजवर कोणी विचारलं नव्हतं ते सगळं सांगायला बसली. झोपेत याला एकदम हात लावायचा नाही, दचकून चावेल. उठवायचं तर जवळची जमीन थोपटायची. हाक मारायची ती हातानं. गाडीचा आवाज कळत नाही, म्हणून कुंपणाबाहेर दोरीशिवाय सोडायचं नाही. नाचणीची पेज, ताक, अधूनमधून अंडं.

तो मांडीवरच्या पिल्लाला कुरवाळत ऐकत होता.

"झोपलं की मग कशानंच उठत नाही?"

"वारा आडवा असला, वास आला नाही, तर शेजारी तोफ डागा. बिचारं झोपेतच असेल."

"आणि लोकांना बघून कळतं का, बहिरं आहे ते?"

"छे! मोठं झालं की इतकं रुबाबदार दिसेल, लोक फाटकातूनच परत जातील. पण राखणीला उपयोगाचं नाही हं."

"तिच्याकडे राखायला आहे काय, अक्का? चार भांडी. सोबत हवी, बस्स."

पेचियम्मानं पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा बांधला. इतक्या वर्षांत या दारातून एक तरी माणूस आत आला, असं तिला वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पोंगल जवळ आला तेव्हा दारात पोलिसांची जीप थांबली. मागे एक उमदं पांढरं कुत्रं बसलं होतं. नाकावरूनच तिनं ओळखलं. पुढे होऊन हात हलवला, तशी त्यानं शेपटी हलवली.

"तुमच्याकडचंच ना हे?" हवालदारानं विचारलं.

"हो. आत्याबाई बऱ्या आहेत ना?"

"गेल्या. मागचं दार फोडून कोणीतरी आत शिरलं. म्हातारीला उशीनं दाबलं, कपाटातलं सगळं सोनं नेलं. हे पुढच्या ओसरीवर झोपलेलं सापडलं."

"अय्यो! बागेत राखणदार नव्हता कोणी?"

"होता की. त्या भागात चोऱ्या वाढल्या म्हणून बाईंनी भाच्याला जातिवंत कुत्रं आणायला सांगितलं. हे आलं, तसा भाच्यानं राखणदार काढून टाकला. म्हणाला, राजपालयम असताना माणूस कशाला?"

पेचियम्मा जीपमधल्या कुत्र्याकडे पाहू लागली.

"नवऱ्याला बोलवा तुमच्या, ठाण्यावर यावं लागेल," हवालदार म्हणाला. "तो भाचा ऊर बडवून रडतोय. म्हणतो, कुत्रं बहिरं आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही."