शनिवारची पहिली वेळ

"नवशिक्यानं यापासूनच सुरुवात करावी, मिसेस गेडीस," असं म्हणत दुकानदार डूगलनं सात हलक्या गोल्फ स्टिक माझ्यापुढे मांडल्या. "रुंद डोक्याच्या आहेत. फटका चुकला तरी सांभाळून घेतात."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याच्या आजोबांच्या जुन्या स्टिक टांगल्या होत्या, लाकडी दांड्याच्या, बोटभर पात्याच्या.

"त्या शोभेच्या. भल्याभल्यांना घाम फोडतात. तुम्हाला एकेका होलला वीस-वीस फटके लागतील."

"त्याच काढ."

"अहो, मागच्यांचा खोळंबा होईल!"

"होऊ दे. माझी आई या मैदानावर तीस वर्षं खेळली. मागून पुरुष आले, की बाईनं बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं, असा क्लबचा नियमच होता. आपल्या या स्कॉटिश फाइफच्या पावसात ती बॅग धरून ताटकळत उभी राहायची आणि पुढे जाणारा एकही जण आभारादाखल टोपीला हात लावायचा नाही. मागच्या महिन्यात तो नियम गेला. शनिवारची सकाळही आता फक्त पुरुषांची राहिली नाही. या शनिवारी खेळायची पहिली वेळ मी घेतलीय."

डूगलनं शिडी लावली आणि स्टिक खाली काढल्या. फडक्यानं पुसता पुसता तो चाचरत म्हणाला, "तुमच्या मागची वेळ माझी आहे."

"मग छत्री आण, बाळा," मी म्हटलं. "आणि दुपारचा डबासुद्धा."