अळ्यांचा उपास

"आई, अळ्यांना कसला आलाय उपास?" खरकट्याची बादली माझ्यापुढे ठेवत सूनबाई म्हणाली.

मी हळूच म्हटलं, "माझ्या हातून खाणाऱ्या जिवाला व्रताच्या दिवशी कांदा-लसूण घालायचा नाही, असा माझा नेम आहे गं."

ब्रॉयलर कोंबड्यांना ती चिरलेल्या दशरथ घासाच्या हिरव्या चाऱ्याबरोबर माशीच्या अळ्या घालते. विकतचं खाद्य परवडेना, म्हणून अळ्या घरच्या खरकट्यावर वाढवते. अळ्या पोसल्या नाहीत तर कोंबड्यांची वजनं भरायची नाहीत आणि तिची पहिलीच बॅच वाया जायची. मला ते कळत होतं, पण नेम कसा मोडू? शेवटी तिने अळ्यांचा एक टब मला वेगळा काढून दिला. "बिघडल्या तर तुमच्याच बिघडू देत," म्हणाली.

श्रावणात माझे उपासच उपास. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, शनिवारी रताळ्याचा कीस, एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी. उरलेलं सगळं माझ्या टबात जायचं. बिचाऱ्या अर्धपोटी राहतील, या काळजीने मी रोज देवापुढे हात जोडायची.

आज सूनबाईने दोन्ही टब चाळले. तिच्या अळ्या बेताच्याच निघाल्या. माझ्या मात्र इतक्या गुबगुबीत, की जागच्या हलेनात.

तिने एकदा चाळणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हसू दाबत म्हणाली, "आई, उद्यापासून दोन्ही टबांना तुमचाच उपास. तुम्ही मात्र आता जेवत जा."