उलटे घोडे

वायरमनने बटण दाबलं आणि सहाही घोडे शेपटीकडून धावायला लागले.

बालवाडीच्या अंगणातलं नवं मेरी-गो-राउंड उलटं फिरत होतं. मग पुढच्या घोड्यावरची दोन वेण्यांची मुलगी खिदळली आणि बाकीच्या पाच जणांनी तिच्या हसण्यात हसणं मिसळलं. वायरमनचा चेहरा मात्र पडला. त्याने घाईघाईने बटण बंद केलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

कुंपणाला टेकून त्याची मुलगी उभी होती. हे मेरी-गो-राउंड तिच्याच कारखान्यातलं. तिथे सगळं बॅटरीवर चालणारं बनायचं, आणि आपलं दुकान बंद केल्यापासून वडिलांनी 'मला कामावर घे' म्हणून तिचं डोकं खाल्लं होतं. काल तिने शेवटी सांगितलं, "उद्याची जोडणी तुम्ही करा. जमलं तर सोमवारपासून या. पण बाबा, अडलं की विचारायचं. तेवढी एकच अट." बाबांनी नुसतं "हं" केलं. चाळीस वर्षं घरोघरचे पंखे आणि पंप दुरुस्त केलेला माणूस तो. त्याने कुणाला काही विचारल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं.

"मोटर उघडावी लागेल," तो बालवाडीच्या बाईंना म्हणाला. "आतलं वाइंडिंग उलटं झालंय. तासभर धरून चाला. मुलांना उतरवा."

"तासभर?" बाईंनी सहा घोड्यांवरच्या सहा स्वारांकडे पाहिलं. एकही उतरण्याच्या बेतात नव्हता.

वायरमनने पाना काढला. तेवढ्यात त्याची मुलगी शेजारी येऊन उकिडवी बसली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मोटर बरोबर आहे. बॅटरीच्या दोन तारांची नुसती अदलाबदल करा."

"तारांनी काय होतंय? पंख्याची पिन मी कशीही खुपसतो. पंखा उलटा फिरलाय कधी?"

"ती घरातली वीज. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि पन्नास वेळा मागे येते. कुठली तार कुठे, तिला काही सोयरसुतक नाही. बॅटरीची वीज एकाच दिशेने जाते. एकदा निघाली की निघाली. तुमच्यासारखी."

त्याने वाकून पाहिलं. लाल तार काळीच्या जागी होती. जोडतानाही ते दिसलं होतं, पण रंग म्हणजे कंपनीची हौस, असं समजून त्याने सोडून दिलं होतं. आताही त्याला पटलं नाहीच. मुलीच्या समाधानासाठी म्हणून त्याने तारा बदलल्या आणि बटण दाबलं.

घोडे तोंड पुढे करून निघाले.

"एवढंच?" त्याने बटण बंद केलं, पुन्हा तारा बदलल्या. घोडे मागे. परत बदलल्या. घोडे पुढे. "अगं, एवढंच? एवढ्यासाठी मी अख्खी मोटर खोलत बसणार होतो!" तो मोठमोठ्याने हसायला लागला. मुलांपेक्षा त्यालाच जास्त मजा येत होती आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"आता सरळच राहू द्या हं," बाई म्हणाल्या.

"नको! उलटे!" सहा जणांनी एकच गिल्ला केला. दोन वेण्यांच्या मुलीने तर बाईंना समजावूनच सांगितलं, "सरळ तर सगळेच घोडे जातात."

बाईंनी हात टेकले. "दोन्हीकडे जातील असं काही होतं का हो?"

वायरमनने पिशवीतून मुलीने दिलेला मोठा स्विच काढला. पालथा केला. खाली सहा पिना होत्या. त्याने तो इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मुलीच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ती बोलली नाही. आता बाबा एका कोपऱ्यात जाऊन पाठमोरे बसणार आणि दुपारपर्यंत झुंजणार, हे तिला ठाऊक होतं.

तो उठला. सरळ तिच्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात म्हणाला, "या सहा पिना कशा जोडायच्या गं? मला नाही येत."

तिला फार आनंद झाला. बाईंकडून खडू घेऊन ती फरशीवर बसली. सहा ठिपके काढले, दोन तारांची फुली मारली, कुठून कुठे ते बोटाने दाखवलं. वडील गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बघत राहिले. घोडे थांबलेले. मुलंही मान लांब करून बघत होती.

"आजोबा, कळलं का?" दोन वेण्यांची मुलगी घोड्यावरून ओरडली.

"नाही!" वायरमन आनंदाने ओरडला. "पुन्हा विचारतोय!"