घोडे जवळ आहेत तोवर

वॉटर्लूच्या चिखलात इंग्रज पलटणीने चौकोन करून संगिनी रोखल्या होत्या आणि फ्रेंच स्वारांचे घोडे त्यांना बुजून भोवती घिरट्या घालत होते. "हे टळले की निवांत दोन झुरके मारू," सायलसने शेजारी गुडघ्यावर बसलेल्या एझ्राला पाइप दाखवला. मागून हवालदार खेकसला, "गाढवा, ते जवळ आहेत तोवरच त्यांच्या तोफा गप्प आहेत. आपल्याच माणसांवर कोण गोळे टाकेल?" घोडे मागे फिरून उताराला लागले. सायलसने पाइप तोंडात धरला आणि तोफा धडाडल्या. एक गोळा सायलसला मागच्या दोघांसकट घेऊन गेला. "जागा भरा!" हवालदार गरजला. एझ्रा सरकला, तसा गुडघ्याखाली पाइप कडकन मोडला. गोळे येतच राहिले, चौकोन आक्रसत गेला. अखेर घोडे पुन्हा आले, तोफा थांबल्या. ते वळू लागले तसा एझ्रा रडकुंडीला येऊन ओरडला, "अरे, इतक्यात कुठे निघालात?"